कपाटातला दिवा

खरं सांगू का मित्रांनो, हे मी लिहून ठेवणारच नव्हतो. कपाटाचं काम काय, तर आतलं आत ठेवणं. घरातलं बाहेर सांगणारं कपाट म्हणजे फाटका खिसाच की. पण आता माझ्या आत ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही. म्हणून सांगतो.

मी एक जुनं लाकडी कपाट आहे. फणसाच्या लाकडाचं, दोन दारांचं. एका बेटावरच्या भाड्याच्या घरात, खिडकीशेजारी उभा असतो. ज्या सुताराने मला बनवलं तो तोंडाचा फटकळ, पण हात असा की रंधा मारताना मला गुदगुल्या व्हायच्या. सगळं झाल्यावर त्याने माझ्या तळाच्या कोपऱ्यात एक होल्डर बसवला, पाठीतून वायर काढली, वरच्या अंगाला बारीक भोकं पाडली आणि झिरोचा एक बल्ब लावून दिला.

तुम्ही म्हणाल, कपाटात बल्ब कशाला? मित्रांनो, आमच्या चारी बाजूंना समुद्र. हवेत मीठ आणि ओल. इथे बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, काड्यापेटीतली काडी मऊ पडते, कोपऱ्यात विसरलेल्या चपलेला पांढरी लव येते. म्हणून इथल्या घराघरांत कपाटाच्या पोटात एक बल्ब कायम जळत असतो. उजेडासाठी नाही, उबेसाठी.

तो बल्ब माझा जिवलग. मी त्याला झिऱ्या म्हणतो, तो मला कपाटराव म्हणतो. तसे बल्ब अधूनमधून बदलले गेले, पण नवीन आला की होल्डरमध्ये बसल्या बसल्या म्हणायचा, "काय कपाटराव, कुठवर आलो होतो आपण?" आणि गप्पा पुढे सुरू.

आमचे चांगले दिवस मास्तरीणबाईंच्या काळातले. त्या शाळेत शिकवायच्या, एकट्याच राहायच्या. त्यांची पुस्तकं, साड्या, गरम शाल, सगळं माझ्यात. शेजारच्या बोटवाल्या काकू यायच्या, साडी नाकाला लावायच्या आणि म्हणायच्या, "बाई, तुमच्या कपड्यांना उन्हाचा वास येतो हो!" त्या दिवशी झिऱ्या जरा जास्तच पिवळा दिसायचा.

मग बाई निवृत्त झाल्या आणि लेकाकडे निघाल्या. मी बोटीत मावेना, म्हणून राहिलो. त्याच बोटीतून नवे भाडेकरू उतरले. नुकतंच लग्न झालेलं जोडपं.

तो वीजघरात लागला होता. जनरेटरवर. दिवसभर त्याचं काम एकच, लोड वाढला की कुठलीतरी लाईन बंद करायची. त्यामुळे वायफळ जळणारा दिवा दिसला की त्याच्या पोटात दुखायचं. ती शिवणकामातली, हसरी, बोलकी. घरात पाय ठेवला आणि म्हणाली, "अहो, इथल्या भिंतींना घाम येतो!"

"घाम काय, तुला बघून लाजल्या त्या."

"राहू द्या. पोछा आणा."

मग त्याने माझं दार उघडलं आणि आत झिऱ्या.

"हे बघ गं! कपाटात दिवा! कपडे काय वाचत बसतात की काय?"

ती इतकी हसली की खाली बसली. त्याने हात मागे घातला आणि बटण दाबलं. झिऱ्या विझला. विझता विझता म्हणाला, "कपाटराव, हे बरं नाही झालं."

मी काय करणार? मला दारं आहेत, तोंड नाही.

त्याच दिवशी तिने पेटीतून एक चादर काढली. पांढरी, चारी बाजूंनी भरतकाम केलेली. म्हणजे तीन बाजूंनी पुरं आणि चौथ्या बाजूला अर्धवट. तिची आई लेकीच्या नव्या घरासाठी ती भरत होती. एका पानाचा हिरवा टाका अर्ध्यावर आला आणि आई गेली. सुई तशीच कापडात अडकलेली. लग्नाच्या गडबडीत कुणीतरी ती काढायला गेलं, तर हिने हात धरला होता. "जिथे आईने सोडली तिथूनच मी पुढे भरणार. आधी घर लागू दे."

तिने चादर माझ्या मधल्या फळीवर ठेवली. अगदी बाळाला झोपवावं तशी. दार लावलं, किल्ली फिरवली.

आणि घर काही लागेना.

तो सकाळी जायचा, येईस्तोवर थकून जायचा. भरतकामाला उजेड हवा म्हणून तिने खिडकीपाशी दिवा मागितला होता. "उद्या लावतो," तो म्हणायचा. सगळ्या बेटाला उजेड देणाऱ्या माणसाला ते उद्या काही सापडत नव्हतं. ती एकटी घरात. गादी ओली, उशी ओली, दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेईनात. घरून फोन आला की सांगायची, "मस्त आहे, समुद्र दिसतो." फोन ठेवला की माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, आता उघडेल. पण ती मनाशीच म्हणायची, "अशात नको. घर नीट लागलं की."

इकडे माझ्या आत काय चाललं होतं ते मलाच माहीत. आधी फळी गार पडली. मग तिला घाम आला. मग चादरीच्या घडीत बारीक ठिपके. सुईभोवती एक तपकिरी कडं आलं, रोज जरासं मोठं. मी पाण्याने फुगत गेलो. माझी दारं एकमेकांत अशी रुतली की बाहेरून कुणी ठोकलं असतं तर मी दगडासारखा वाजलो असतो. मी झिऱ्याला हाका मारत होतो. विझलेला बल्ब बोलत नाही, मित्रांनो.

एका सुट्टीच्या दुपारी तो शिट्टी वाजवत आला. हातात नवा दिवा. खिडकीपाशी बसवला, लावून दाखवला. ती उठली, हात धुतले, पुसले.

"आज काढते चादर," ती म्हणाली.

किल्ली फिरली, दार उघडेना. तिने ओढलं. त्याने ओढलं. मग तिने त्याच्या कमरेला धरलं आणि दोघांनी मिळून ओढलं, हसत हसत. "अहो, कपाट आहे की तिजोरी!" मी मनात म्हणत होतो, नका उघडू. असंच हसत राहा.

दार निघालं. वास आला. तिचं हसू थांबलं.

चादर उचलली तर तिला पांढरी लव. सुईच्या जागी तपकिरी डाग, तळहाताएवढा. तिने सुईला नुसतं बोट लावलं. सुई मोडली. टोक कुठेतरी पडलं, नेढ्याकडचा तुकडा हिरव्या दोऱ्यासकट तिच्या चिमटीत राहिला.

"धुतलं की जाईल गं," तो म्हणाला.

ती गुडघ्यावर बसून टोक शोधू लागली. तोही बसला. तेवढ्यात बोटवाल्या काकू भांडं परत द्यायला आल्या, त्यांनी नाकाला पदर लावला.

"अगं बाई! कपाटातला दिवा कुठाय?"

"तो आम्ही आलो त्याच दिवशी बंद केला, काकू," ती म्हणाली.

"बंद केला? अरे, मास्तरीणबाईंनी धक्क्यावर किल्ली देताना तुला सांगितलं ना? मी तिथेच होते की, ही बोटीतून पेटी उतरवून घेत होती तेव्हा. म्हणाल्या, बाकी काही करा, कपाटाचा दिवा घालवू नका."

ती त्याच्याकडे वळली.

"तुम्हाला सांगितलं होतं?"

"मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं आपलं काहीतरी..."

"मला सांगायचं ना. मी ठेवला असता चालू."

"चुकलं गं. लक्षातच नाही राहिलं."

"लक्षात होतं," ती हळूच म्हणाली. "त्यावर तर तुम्ही मला हसवलंत."

काकू भांडं ठेवून निघून गेल्या. ती रडली असती तरी चाललं असतं. ती उठली आणि चादर पाण्यात घातली. लव गेली. डाग राहिला. पिळताना आईने घातलेल्या टाक्यांवरूनच कापड फाटत गेलं. मग तिने पिळायचंही सोडून दिलं.

काही दिवसांनी ती बोटीने गेली. "जरा वडिलांकडे जाऊन येते," म्हणाली. ओली चादर आणि मोडकी सुई सोबत नेली. पेटीही नेली. थोड्या दिवसांसाठी जाणारं माणूस पेटी नेत नाही, एवढं कपाटालाही कळतं.

आता तो कामावरून आला की चपला काढायच्या आधी माझ्या मागे हात घालतो आणि बटण बघतो. झिऱ्या जळतो. माझ्यात काही नाही. रिकाम्या फळ्यांना मी आणि झिऱ्या मिळून ऊब देतो. तो फोनवर म्हणतो, "दिवा चालू ठेवलाय गं." पलीकडून बहुतेक "बरं" येतं, कारण त्यानंतर तो फोनकडे बघत बसतो. खिडकीपाशी बसवलेला नवा दिवा त्याने पुन्हा कधी लावला नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणी जुनं माणूस तुमच्या हातात किल्ली देताना काही सांगत असेल, तर ते ज्याच्या कामाचं आहे त्याच्यापर्यंत पोचवा. हसायचं तर नंतर हसा. आणि जपून ठेवायची वस्तू नुसती कुलपात घालून विसरू नका. मधूनमधून दार उघडत जा. आम्हाला हाक मारता येत नाही.

एक गोष्ट त्या दोघांनाही माहीत नाही. सुईचं टोक माझ्या तळाच्या फटीत आहे, झिऱ्याच्या अगदी पायाशी. सगळं गंजून काळं पडलंय, पण आहे.

परवा झिऱ्या लुकलुकायला लागला. म्हणाला, "कपाटराव, या खेपेला मी गेलो आणि त्याने नवा लावायचा कंटाळा केला, तर?"

"तर मी तुझी राहिलेली ऊब धरून ठेवीन."

"पुरायची नाही ती."

"नाही पुरली तरी ते टोक मी फटीतून सोडणार नाही. आणि तुला शब्द देतो झिऱ्या, मी पुन्हा कितीही फुगलो, माझ्या फळ्या तडकल्या तरी चालेल, पण ती आली तर माझं दार तिला एका हाताने उघडता येईल."