माझ्या भिंगाखाली काहीच नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझं अंग पितळी आहे आणि भिंगं अजून लख्ख आहेत. मला घडवणारा कारागीर प्रत्येक भिंग फुंकर घालून पुसायचा आणि म्हणायचा, याला खोटं दाखवता येत नाही. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटे. हल्ली भीती वाटते.

माझी उमेदीची वर्षं एका संशोधक बाईंच्या टेबलावर गेली. पिण्याच्या पाण्यात कुठले जंतू वाढतात, हे त्या डोळ्यांत तेल घालून शोधत. उत्तर सापडलं तरी त्यांचं समाधान होत नसे. पुन्हा नवं पाणी, पुन्हा नवी काच. एकदा स्वतःचाच निष्कर्ष चुकल्याचं दिसलं, तेव्हा त्यांनी तो जाहीरपणे मागे घेतला. मला वाटलं, आता यांची पाठ थोपटतील. पण वार्षिक मूल्यमापनात त्यांचा एक शोधनिबंध कमी झाला म्हणून गुण कापले. मी थक्क झालो. खरं बोलण्याची ही शिक्षा?

पलीकडच्या खोलीतल्या सरांना विद्यार्थी पाठीमागे ‘छापखाना’ म्हणत. सरांचे निबंध धडाधड छापून येत. सूक्ष्मदर्शकात बघायचे विद्यार्थी, लिहायचे विद्यार्थी आणि पहिलं नाव लागायचं सरांचं.

मग संस्थेत कायमच्या नोकरीची एकच जागा निघाली आणि बाई व सर दोघांनीही अर्ज केला. ती मिळाली नाही, तर बाईंना संस्था सोडावी लागणार होती. निबंध मोजायचे म्हटल्यावर निकाल सांगायला ज्योतिषी नको होता. बाई कपाट आवरू लागल्या आणि माझा जीव तुटला.

पण यंदा निवड समितीचे अध्यक्ष बाहेरून आले होते. त्यांनी सांगितलं, कागद मोजायचे नाहीत. दोघांनीही आपलं एकेक काम समोर दाखवायचं. मला उचलून समितीच्या टेबलावर ठेवलं.

आधी सर आले. त्यांनी ऐटीत माझा दिवा लावला, डोळा टेकवला आणि म्हणाले, “बघा, पेशी किती स्पष्ट दिसताहेत.” समितीतल्या दोघांनी पाळीपाळीने वाकून पाहिलं आणि नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. एक जण तर “उत्कृष्ट” म्हणाले. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

अध्यक्ष वाकले. क्षणभराने त्यांनी मान वर केली आणि शांतपणे विचारलं, “सर, काच ठेवायची राहिली का?”

नमुन्याची काच बाजूला डबीतच होती. आजवर ती विद्यार्थीच ठेवत आले होते.

मग बाई आल्या. त्यांनी काच ठेवली, मला सावकाश जुळवलं आणि त्या बाजूला झाल्या. अध्यक्ष कितीतरी वेळ बघत राहिले. पाण्यातल्या ज्या जंतूमुळे जवळच्या वस्तीतली मुलं आजारी पडत होती, तो तिथे वळवळत होता.

“हे तुमच्या अर्जात का नाही?”

“त्याला रकानाच नव्हता,” बाई म्हणाल्या.

जागा बाईंना मिळाली. मला आनंद झाला, पण धक्का अजून ओसरत नाही. या संस्थेत इतक्या जणांची पारख झाली, कितीतरी जण नापास होऊन निघून गेले. आणि त्यांचं काम बघायला त्या दिवसापर्यंत समितीतलं कुणीही माझ्याजवळ आलं नव्हतं.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल, फडकं मारलं की जाते. पण उद्या तुम्ही कुणाची पारख करायला बसाल, तेव्हा आधी वाकून बघा. आणि काही दिसलं नाही, तर दिसलं नाही असंच म्हणा.