हजारिकांचं चालतं बेट

महीधर हजारिकाला बांबूतलं सगळं कळतं, असं गावाचं मत होतं. ते आधी महीधरचं मत होतं, मग हळूहळू गावाचं झालं. कोयत्याच्या पाठीने बुंध्यावर एक ठोका मारला की तो बांबूचं वय सांगे. टोपल्यांना काको बांबू, चिरून विणायला ‘जाती’ नावाचा बांबू आणि खांबाला भालुका, हे तो पाहुण्याला चहा मिळायच्या आत ऐकवून मोकळा होई. रिकामा बसला की जातीच्या पट्ट्या विणत बसे. घरातल्या एकूण एक बरणीच्या गळ्याला त्याच्या हातची दोरी आणि तिला त्याची ती उलटी गाठ होती.

पण खरा मान भालुकाचा. परसातल्या कुंपणालगत त्याने स्वतः लावलेलं ते बेट, एकेक बांबू मांडीएवढा. एकुलत्या एका मुलीच्या, जोनालीच्या लग्नाचा मांडव घरच्या भालुकाच्या आठ खांबांवर उभा राहणार, असं त्याने व्याह्यांना सहा महिने आधीच सांगून ठेवलं होतं. लग्न रविवारी. शनिवारी बेटाला कोयता लावायचा नसतो, म्हणून शुक्रवारी दुपारी तो चार गडी घेऊन परसात गेला.

पहिल्या बुंध्यावर ठोका मारला, आवाज बद्द, म्हणजे कोवळा. दुसरा गेल्या पावसाळ्यातला, अंगावरची पांढरी पूडही झडली नव्हती. तिसऱ्या जागी खुंट, चौथ्या जागी खुंट. महीधर बेटाला फेरी घालून आला. पिकलेले बांबू होते की, चांगले वीसेक होते. पण सगळे कुंपणापलीकडे, कनकेश्वरच्या जमिनीत.

"काका, बेट चालत गेलं वाटतं शेजारी," एक गडी म्हणाला. बाकीचे तिघे आभाळाकडे बघायला लागले.

महीधरने बायकोला हाक मारली. "तरुलता, आपल्या बाजूचे कोंब गेले कुठे?"

"तुमच्या पोटात," तरुलता म्हणाली. "दर पावसाळ्यात घोशा कोणाचा असतो? काकोच्या कोंबाला चव नाही, भालुकाचाच खरिसा घाल. मी कोंब किसून बरण्यांत आंबवते, तुम्ही माशाबरोबर हाणता. खाल्लेल्या कोंबाचा खांब कसा होईल?"

कनकेश्वरने मात्र एका कोंबाला हात लावला नव्हता, तोही रागापायी. अकरा वर्षांपूर्वी या बेटाने त्याचं कुंपण पाडलं, तेव्हा तो तक्रार घेऊन आला होता. महीधर म्हणाला होता, "बेट म्हणजे काय बैल आहे, खुंटाला बांधून ठेवू?" त्या दिवसापासून दोन्ही घरचे पुरुष एकमेकांशी बोलत नव्हते. लग्नाचं आमंत्रणही गेलं नव्हतं. आणि ज्याच्या जमिनीत कोंब उगवला त्याचा बांबू, ही गावाची रीत. पंचांपुढे ती रीत घसा ताणून सांगितली होती ती महीधरनेच.

शेवटी तरुलतेने आमंत्रणाचं तामूल-पानाचं, म्हणजे सुपारी आणि विड्याच्या पानांचं तबक त्याच्या हातात दिलं आणि पाठीला हलकासा धक्काही दिला.

कनकेश्वर ओसरीवर जाळं विणत होता. त्याने मान वर केली नाही. "रेणू, विचार त्यांना, काय हवंय."

"रविवारी जोनालीचं लग्न आहे, वहिनी," महीधर कनकेश्वरच्या बायकोला, रेणुप्रभेला म्हणाला. "सगळ्यांनी यायचं." मग घसा साफ करून म्हणाला, "आणि भालुकाचे आठ बांबू."

"आमंत्रण आठ बांबूंमागून आलं म्हणायचं," कनकेश्वर जाळ्याला म्हणाला. "त्यांना सांग, त्या बेटाचा एक कोंब मी अकरा वर्षांत जिभेवर ठेवला नाही. या घरात खरिसा येतो तो माझ्या सासुरवाडीहून. वर्षाला दोन बरण्या. तसा खरिसा त्यांच्या सात पिढ्यांना जमायचा नाही."

महीधरची नजर सहज स्वयंपाकघरात गेली. फळीवर एक बरणी होती. तिच्या गळ्याला जातीच्या पट्ट्यांची दोरी होती आणि दोरीला उलटी गाठ.

त्याने रेणुप्रभेकडे पाहिलं. ती हातात किटली धरून जमिनीकडे बघत होती. अकरा वर्षं तो ज्या उत्तराच्या शोधात होता ते आयतं फळीवर बसलं होतं. महीधरला भांडणात जिंकायला फार आवडे. जीभ शिवशिवली. पण उन्हं सुपारीच्या शेंड्यांवर गेली होती, उद्या शनिवार होता, आणि मांडवात उभी राहणार होती जोनाली.

"खरं आहे," तो म्हणाला. "सासुरवाडीच्या हाताला चवच वेगळी."

कनकेश्वरने जाळं खाली ठेवलं. अकरा वर्षांत महीधरने कबूल केलेली ही पहिलीच गोष्ट होती. त्याने तबकातलं तामूल उचलून तोंडात टाकलं आणि खुंटीवरचा कोयता काढला.

"चल दादा, अंधार पडायच्या आत. ठोके तूच मार, मला त्यातलं काही कळत नाही."

महीधरचे डोळे पाण्याने भरले. पहिले दोन ठोके बांबूऐवजी कुंपणावरच पडले.

दिवेलागणीला आठ भालुका अंगणात येऊन पडले. हातपाय धुऊन महीधर चुलीपाशी बसला, तेव्हा तरुलता त्याच्याकडे न बघता भात ढवळत होती.

"औंदा आपल्या बाजूचे चार कोंब राहू दे," तो म्हणाला. "आणि कनकच्या सासुरवाडीहून तीन बरण्या जाऊ देत. दोन पुरत नसतील त्याला."