हलू नका

“काका, समोरच्या टाकीवर कबूतर बसलंय बघा. त्याच्यावर धरा,” दुकानातल्या बाई म्हणाल्या.

ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. पुढची लेन्स चांगली हातभर लांब होती. मी भिंतीलगतच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसले होते. तिथून मला कबूतर दिसत नव्हतं, लेन्सचं टोक तेवढं दिसत होतं. ते हवेत लहान लहान गोल काढत होतं, पहिलीतलं मूल अक्षर गिरवतं तसं.

ह्यांनी दोनदा बटण दाबलं. मागच्या पडद्यावर काय आलं ते पाहिलं, पण आम्हाला दाखवलं नाही. मग कॅमेरा अगदी हळू, झोपलेलं बाळ ठेवावं तसा काउंटरवर ठेवला आणि हात खिशात घातले.

“छान आहे,” हे म्हणाले. “पण काय आहे, पक्षी म्हणजे उडून जाणारी जात. त्यांच्या मागे कोण पळणार ह्या वयात? डोंगर कसे, आपल्या जागी बसलेले असतात. मला ती रुंद लेन्स द्या. निसर्गचित्रांची.”

बाईंचा चष्मा साखळीने गळ्यात लटकत असे. तो त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि ह्यांच्याकडे नीट पाहिलं.

“काका, दर शनिवारी येऊन तुम्ही ह्या लांब लेन्सची चौकशी करायचात. माझे वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हापासून. तुमच्या निवृत्तीची वाट तुमच्यापेक्षा जास्त मी बघत होते. आणि आता डोंगर?”

“माणसाचं मन बदलतं हो.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली. चार लोकांत ह्यांचं बोलणं खोडायची मला कधीच सवय नव्हती.

आम्ही मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आणि रुंद लेन्स घेऊन घरी आलो.

लेन्समधलं मला कळतं ते ह्यांच्यामुळेच. पहाटे उठल्यापासून प्रार्थना आटोपेपर्यंत मी कोणाशी बोलत नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. ह्यांनी माझ्या त्या मौनाचा पुरेपूर फायदा घेतला. मी फुलं निवडत असले, की हे चहाचा कप घेऊन समोर बसायचे आणि सुरू व्हायचे. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतली उजेड झेलणारी पट्टी. मोठा सेन्सर म्हणजे मोठं अंगण, उजेड जास्त मावतो. लहान सेन्सर म्हणजे अंगण लहान, पण तीच लेन्स लांबचं आणखी जवळ आणते. डोंगर, आभाळ, शेतं हवी असतील तर रुंद लेन्स. पक्षी हवा असेल तर लांब. “पटतंय ना?” असं मध्येच विचारायचे. मी मान हलवायची. “बघ, तुला पटतंय!” म्हणून खूश व्हायचे. इतकी वर्षं माझ्याशी एकही वाद न होता हे जिंकत आले ते केवळ ह्या नेमामुळे.

ह्यांना फोटो हवा होता तो खंड्या पक्ष्याचा. घरामागच्या बागेतल्या तळ्यावर, पाण्यात वाकलेल्या एका वाळक्या फांदीवर तो बसतो. निळा असा, की पाहताना आपलेच डोळे कोणीतरी धुऊन दिलेत असं वाटावं. “जन्मभर लोकांना आतून पाहिलं,” हे म्हणायचे, “तेही काळं-पांढरं. आता एकदा बाहेरचं काढायचं, रंगीत.”

कारण हे इस्पितळात एक्स-रे काढायचे. “श्वास घ्या... रोखून धरा... हलू नका... सोडा आता.” हेच शब्द, सगळी नोकरी. इस्पितळात ह्यांना खऱ्या नावाने कोणी ओळखत नसे. “हलू-नका आहेत का?” असंच विचारायचे. फोटो पुसट आला तर हे कपाळाला हात लावायचे आणि म्हणायचे, “पेशंट हलला.” घरी भात करपला तरी तेच, “पेशंट हलला.”

एकदा माझं मनगट दुखावलं म्हणून मी तिथे गेले होते. माझ्या आधी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचा पंजा टेबलावर सारखा थरथरत होता आणि ते ओशाळून दुसऱ्या हाताने तो दाबून धरत होते. ह्यांनी कपाटातून वाळूची एक लांबट पिशवी काढली, अलगद त्यांच्या मनगटावर ठेवली आणि म्हणाले, “आमची ही खोली फार गार हो. मशीनला लागतं तसं. इथे सगळ्यांचेच हात कापतात.” म्हाताऱ्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “हो ना, फारच गारठा आहे,” ते म्हणाले. खोली काही तेवढी गार नव्हती.

ह्यांच्या स्वतःच्या हाताला कंप सुटला तो निवृत्तीच्या आदल्या वर्षी. कपातला चहा आधी बशीत सांडायला लागला. मग हे कप अर्धाच भरून मागायला लागले. डॉक्टरांकडे जाऊन आले, गोळ्या घेऊन आले आणि मला सांगितलं, “शक्तीच्या आहेत.” मी बरं म्हटलं. गोळ्यांच्या पाकिटाची घडी उघडून आतला कागद वाचायला मला पाच मिनिटं पुरली. पण ह्यांनी सांगितलं नव्हतं, म्हणून मीही विचारलं नाही.

रुंद लेन्स आली त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरून माझे दीर उतरले. भाऊजींकडे ह्यांच्याआधीपासून भलामोठा कॅमेरा आहे आणि त्याने ते मुख्यतः स्वतःच्या मोटारीचे फोटो काढतात.

“दादा, हे काय? हिच्यातून वाघसुद्धा मुंगीएवढा दिसेल. त्याला काय हाक मारणार, जरा जवळ ये रे म्हणून?”

“मला वाघ नकोच. डोंगर बरा. हलत नाही.”

“वहिनी, तुम्ही तरी सांगायचं! आयुष्यभर खंड्या खंड्या करून आमचे कान किटवले...”

“भाऊजी, चहा घेणार ना?” मी म्हटलं. भाऊजी कितीही वादात असले तरी चहाला नाही म्हणत नाहीत.

पुढचे दोन महिने हे निसर्गचित्रं काढत राहिले. तिपाई लावायची, कॅमेरा तिच्यावर बसवायचा, तारेचं बटण दाबायचं. हाताचा संबंधच नाही. चित्रं देखणी यायची. टेकडी, धुकं, कापलेली शेतं, ढगांच्या रांगा. भाऊजींनीसुद्धा एक मोठं करून आपल्या दिवाणखान्यात लावलं.

पण मी एक पाहत होते. चित्र संगणकावर घेतलं की हे टेकडी बघायचेच नाहीत. आभाळाच्या नाहीतर पाण्याच्या एखाद्या कोपऱ्यात जायचे आणि तो कोपरा मोठा करायचे. आणखी मोठा. आणखी. शेवटी पडद्यावर नुसते चौकोन चौकोन उरायचे, आणि त्यांच्या मधोमध एक निळसर ठिपका. त्याच्याकडे हे बराच वेळ बघत बसायचे. मी खोलीत आले की चटकन पुन्हा अख्खी टेकडी.

तिसऱ्यांदा तसं दिसलं, तेव्हा दुपारी बाजाराची पिशवी घेऊन मी बाहेर पडले आणि एकटीच दुकानात गेले.

“या काकू,” बाई म्हणाल्या. “मला वाटलंच होतं तुम्ही याल.”

“त्यांना पक्षीच हवाय,” मी म्हटलं. “पण त्यांचा हात...”

“पाहिलं मी त्या दिवशी.” बाईंनी आवाज खाली आणला. “ती मोठी लेन्स नकोच. ही घ्या, हलकी आहे. पोहोच थोडी कमी, पण त्यांच्या कॅमेऱ्यात सेन्सरचा फक्त मधला भाग वापरायची सोय आहे. मग लांबचं आणखी जवळ येतं.”

“अंगण लहान होतं,” मी म्हटलं.

“काय?”

“काही नाही. आणि थरथर?”

“लेन्सच्या आत सावरून धरायची सोय असते. पण काकू, खोटं नाही सांगत, ती थोडंच सावरते. बाकीचं टेकूवर. जंगलात फोटो काढणारे काय करतात, गाडीच्या खिडकीवर कापडी पिशवी ठेवतात, आत धान्य नाहीतर वाळू. तिच्यात लेन्स रुतवायची. धडधाकट लोकही तसंच करतात.”

वाळूची पिशवी म्हटल्यावर मला हसू आलं, आणि लगेच डोळ्यांत पाणीही. बाईंनी शहाणपणाने काचेचं कपाट पुसायला घेतलं.

“आता दोन्ही लेन्स राहू देत तुमच्याकडे,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “जी नको ती परत आणा. कोणती, ते काकांनाच ठरवू द्या.”

शेजारच्या गल्लीत घर बांधायचं काम चालू होतं. तिथल्या मुकादमाला विचारून मी वाळू घेतली, चाळली, उन्हात वाळवली. जुन्या जाड पडद्याच्या कापडाची पिशवी शिवली, दुहेरी शिवणीची. लांबट, आडवी. जशी पाहिली होती तशीच.

रात्रीची जेवणं झाल्यावर नवी लेन्स आणि पिशवी, दोन्ही टेबलावर ठेवल्या. ह्यांनी लेन्सकडे नुसती नजर टाकली. हात गेला तो पिशवीवर.

“ही इस्पितळातली?”

“नाही. घरी शिवली.”

हे खुर्चीवर बसले. पिशवीवर तळवा ठेवून बसले. मग म्हणाले, “म्हणजे तुला माहीत होतं.”

“मला काय कळतंय त्यातलं? दुकानातल्या बाई म्हणाल्या, जंगलात सगळेच ठेवतात. धडधाकट लोकसुद्धा.”

“बाई म्हणाल्या?”

“हो.”

“आणि पिशवी लांबट शिवायची, हेही बाईच म्हणाल्या?”

मी पाण्याचा तांब्या उचलून आत गेले. हे निजायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, “उद्या तळ्यावर यायचं असेल तर तुझी प्रार्थना लवकर आटप. त्याची वेळ ठरलेली असते.”

उन्हाळ्याचे दिवस. सूर्य वर आला नव्हता तरी अंगाला घाम सुटत होता. तळ्याला कमरेएवढा कठडा आहे. ह्यांनी त्यावर पिशवी आडवी ठेवली, मुठीने मध्ये खळगा केला आणि त्यात लेन्स रुतवली. मी मागे, थोडी बाजूला उभी राहिले.

खंड्या आला. आला असं दिसलंच नाही, फांदीवर अचानक होताच.

हे वाकले. लेन्स स्थिर होती, पण बटणावरचं बोट ताल धरल्यासारखं हलत होतं. ते उचललं, मूठ आवळली, पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. ह्यांची मान ताठ झाली. आता हे कॅमेरा आवरून ठेवणार आणि डोंगरांबद्दल काहीतरी बोलणार, ते मला ह्यांच्या पाठीवरूनच कळलं.

“फार गारठा आहे इथे,” मी म्हटलं.

हे वळले. कपाळावरून घाम ओघळत होता, माझ्याही. मी पदर खांद्यावरून ओढून घेतला, थंडीत घ्यावा तसा.

“हो ना,” हे म्हणाले. “पाण्याजवळ असतोच. सगळ्यांचेच हात कापतात.”

आणि पुन्हा वाकले. खांदे सैल झाले होते. बटण दाबल्याचा बारीक आवाज आला. ह्यांनी पडद्यावर पाहिलं, चित्र मोठं केलं आणि मला जवळ बोलावलं.

फांदी लख्ख आली होती. तिच्यावरची सालपटं मोजावीत अशी. खालचं पाणी, पाण्यातलं गवताचं पातं, खंड्याचे लालचुटूक पाय, सगळं कोरल्यासारखं. फक्त डोकं पुसट होतं. नेमकी त्याच क्षणी त्याने मान वळवली होती.

ह्यांनी ते पुसट डोकं आणखी मोठं करून पाहिलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू फुलला.

“पेशंट हलला,” हे म्हणाले.

आम्ही दोघं तोंडावर हात ठेवून हसलो. मोठ्याने हसलो असतो तर तो उडून गेला असता. तो अजून फांदीवरच होता. आता आमच्याचकडे तोंड करून बसला होता.

हे पिशवीवर वाकले. आणि मग मला ऐकू आलं, अगदी हलक्या आवाजात, त्या पक्ष्याला उद्देशून, पूर्वी इस्पितळात दाराआडून ऐकलं होतं तसंच, “श्वास घ्या... रोखून धरा... हलू नका...”

बटणाचा आवाज झाला. खंड्या पाण्यात सूर मारून गेला आणि फांदी तेवढी डुलत राहिली.

ह्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही वळले नाहीत. तसेच वाकलेले राहून म्हणाले, “सोड गं आता श्वास.”