कोरडे तांदूळ

घरातली एखादी वस्तू हरवली, की आपला पहिला संशय कोणावर जातो? उत्तर द्यायला लाज वाटावी, पण ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. १९६१ साली भिलाईत पंजाबराव देवतळे यांच्या क्वार्टरमध्येही तेच झाले. पंजाबराव पोलाद कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात हेडक्लार्क होते. मूळचे वर्ध्याकडचे, सरळ गृहस्थ. त्यांच्या पत्नीची, सत्यभामाबाईंची, गळ्यातली सोन्याची एकदाणी दिसेनाशी झाली. लगेच धुणीभांडी करणाऱ्या रुक्माला आणि शेजारच्या दोघी कामवाल्यांना अंगणात ओळीने बसवले गेले.

गावाकडची रीतच होती. मंतरलेले तांदूळ चावून थुंकायचे, ज्याचे कोरडे निघतील तो चोर. दोघींचे ओले निघाले. रुक्माचे मात्र पिठासारखे कोरडे.

"मैं नइ लेय हंव, बाई," मी घेतली नाही, एवढेच ती म्हणत राहिली. शेवटी तिला वस्तीवर परत पाठवले, आणि बातमी तिच्याआधी तिथे पोचली.

तिचा नवरा कारखान्याच्या बांधकामावर मजूर. ठेकेदाराला कळले असते तर नवऱ्याचे काम आणि ठेकेदाराच्या वस्तीतले डोक्यावरचे छप्पर एकाच दिवशी गेले असते. आणि पंजाबराव ठेकेदाराकडे जायला निघालेच होते.

तेवढ्यात सुट्टीत त्यांच्याकडे राहायला आलेल्या थोरल्या भगिनी वसुंधराबाई दुर्गहून परतल्या. त्या नागपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. साक्षीदार खरे बोलतो की नाही, आरोपी कबुली का देतो, याचा अभ्यास करत त्यांनी चौदा वर्षे तुरुंग आणि कोर्टे पालथी घातली होती. बाईमाणसाला चोराचिलटांची कसली हौस, म्हणून लोक मागून हसत. सगळी हकिगत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"पंजाब, जरा बस. गाडीत तुह्या ऑफिसातला एक जण भेटला. नकाशा गहाळ झाला म्हणते. सायेब तुहंच नाव घेऊन राहिले."

पंजाबराव पांढरेफटक पडले. "माहं? कावून? मी तं हात बी नाही लावला!"

"मंग हे तांदूळ चाव."

त्यांनी चावून थुंकले. कोरडे ठणठणीत!

"ताई, मी चोरी नाही केली वो!"

"मालूम आहे मले. नकाशा काही हरवला नाही, मी खोटं बोलली. भेवानं तोंड कोरडं पडते, बापू. चोराचं पडते, निर्दोषाचंही पडते. त्या दोघींकडं कोण पाहून राहिलं होतं? सारे रुक्माकडंच पाहून राहिले होते."

"पण ताई, मामंजींच्या वक्ती यानंच चोर सापडला होता," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"सापडला, का ठरवला?" वसुंधराबाईंचा आवाज खाली आला. "नोकरी नवीन होती तवा एका खटल्यात कोर्टानं मले मत विचारलं. आरोपी विणकर होता. त्याचे हात कापत होते. मी म्हटलं, हा काही लपवून राहिला. त्याले सजा झाली. दोन वर्षांनी खरा गुन्हेगार गवसला. मी माफी मागाले विणकराच्या घरी गेली, तं तो जेलातच मेला होता. तवापासून मी हेच शिकून राहिली, अन हेच शिकवून राहिली."

सत्यभामाबाईंनी पदर तोंडाला लावला. पंजाबराव उठले आणि ठेकेदाराऐवजी रुक्माच्या वस्तीकडे निघाले. तिच्या दारात त्यांनी हात जोडले.

रुक्माने डोळे वर केले नाहीत. "पारा के सबो झन मोला चोट्टी कहिथें, बाबूजी. ओमन ला घलो बता देवव." वस्तीतले सगळे तिला चोर म्हणत होते. त्यांनाही सांगा, एवढेच तिचे मागणे.

मग हेडक्लार्क पंजाबराव देवतळे त्या वस्तीत दारोदार फिरले. "रुक्माने कुछ नहीं लिया, गलती मेरी थी," हे वाक्य त्यांनी प्रत्येक दारात उच्चारले. कोणी ऐकले, कोणी तोंड फिरवले. रुक्मा त्यांच्याकडे पुन्हा कामाला आली नाही.

एकदाणी कधीच सापडली नाही. नागरिकहो, गरिबाची भीती हा त्याच्या गुन्ह्याचा पुरावा नव्हे! आळ घ्यायला आपल्याला एक क्षण लागतो. तो पुसायला मात्र दारोदार जावे लागते, आणि तरीही तो पुरता पुसला जाईल याची खात्री नसते.