पाताळाची जीभ

कुंडल गावात धरणेंद्र चौगुल्याच्या परसात गेल्या मे महिन्यात जेवढी गर्दी लोटली, तेवढी मी पुढाऱ्याच्या सभेलाही पाहिली नाही. आणि न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही, तेव्हा एवढं खरं माना.

गर्दीचं कारण एक झाड. झाड तरी कसं म्हणावं? पेरूच्या बुंध्याशी, कोरड्या मातीतून चार दिवसांत वर आलेला वांगी रंगाचा सुरकुतलेला गोळा. माणसाच्या डोक्याएवढा. ना पान, ना फांदी, खाली घागऱ्यासारखी झालर. वास मेलेल्या घुशीचा. संध्याकाळी वर हात धरला तर चक्क ऊब लागायची.

"मानसाचा मेंदू हाय ह्यो, नाथाजीनाना," आकाराम शिंपी मला म्हणाला.

"तुझा नसनार. लय मोठा हाय."

तेवढ्यात पाताळबाबा उगवले. भगवी लुंगी, कमरेला दोन डब्या, एक पितळेची आणि एक तांब्याची. त्यांनी नाकाला फडकं न लावता गोळ्याला तीन फेऱ्या घातल्या आणि सांगितलं, "ही पाताळाची जीभ. घरात पाप दडलं की धरणी जीभ काढून दाखवते. उद्या दिवस मावळायच्या आत मी हिचा श्वास बांधतो."

दुसऱ्या दिवशी वास खरोखर गेला. माणसं पायावर पडायला लागली. एक चंदनबाला तेवढी उभी. धरणेंद्रच्या मयत धाकट्या भावाची ही बायको. दोन वर्षं ती थोरल्या दिराच्या घरात राहून नवऱ्यानं लावलेली द्राक्षबाग एकटी बघत होती.

"महाराज, श्वास बांधला म्हंता, मग हिचं नाक कुठाय?" तिनं विचारलं.

परस खदखदून हसलं. महाराज हसले नाहीत.

त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्यांची परीक्षा ठरली. गुळात घोळवलेली एकेक फोड चावायची, पापी असेल त्याची जीभ जळेल. धरणेंद्र पक्का जैन. कांदा, बटाटा, रताळं, जमिनीत वाढणारं काहीच त्याच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. त्यानं आधी विचारून घेतलं, "महाराज, कंद न्हाई न्हवं?"

"हिमालयातलं फळ आहे, बाळा."

सगळ्यांनी फोड चावली, सगळ्यांची तोंडं गोड. चंदनबालानं चावली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ओठ सुजले, घशात काटे भरल्यासारखं झालं. फोड तिनं पदरात थुंकली.

"हिनंच नवरा खाल्ला. परवाच्या आत हिला घराबाहेर काढा, नाहीतर जीभ घर गिळेल," महाराजांनी निकाल दिला.

धरणेंद्र खाली मान घालून म्हणाला, "चंदनबाला, उद्या माधवनगरास्नं तुझा भाऊ बोलावतो. सामान बांध."

"दादा, बाग कोन बघनार?" सुजल्या तोंडानं तिनं एवढंच विचारलं.

शेजारची शाहजादीभाभी तिला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेली. मीही मागोमाग गेलो. खोटं बोलण्यात माझी हयात गेली, त्यामुळं दुसऱ्याचं खोटं मला जरा लवकर ऐकू येतं. घरातल्या सगळ्यांना पितळेच्या डबीतली फोड मिळाली होती, हिला एकटीला तांब्याच्या. भाभीनं तिला चिंचेचं पाणी पाजलं. आग कमी झाली. मग पदरातली फोड उलटीपालटी करून भाभी म्हणाली, "ही सुरनाची फोड हाय. कच्ची. माजं म्हायेर पाटनचं, तिकडं परड्यात सुरन असतं. चिंचंत उकडल्याबिगर कोन त्वांडात घालत न्हाई."

"आन परसातलं ते?" मी विचारलं.

"तुमी सांगताय तसं आसंल तर त्येचंच फूल. मी डोळ्यानं बगितलं आसतं तर तवाच सांगितलं आसतं. पर तुमच्या महाराजानं आमाला आत कुठं सोडलं?"

चंदनबालानं कराडच्या ओळखीच्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांना फोटो पाठवला. तासाभरात तेच उत्तर सविस्तर आलं.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर महाराज तिची पाठवणी करायला आले. परस भरलेलं. चंदनबालाचा भाऊ दारात गाडी लावून उभा. मी पुढं झालो.

"महाराज, आधी माजी परीक्षा घ्या. मी कृष्णेत मगरीवर बसून औदुंबरापासनं सांगलीपातूर गेलोय."

लोक हसले. महाराजांनी माझ्यासारख्या म्हाताऱ्याला खूश करायला पितळेची डबी उघडली. मी फोड चावली, गुळाआड चिंच लागली, आणि जीभ काढून दाखवली.

"बगा रं. एवडी थाप मारूनबी त्वांड ग्वाड. आता तांब्याच्या डबीतली द्या."

"ती फक्त पाप्यांसाठी."

"मग मी खाते," चंदनबाला म्हणाली, "पर आदी तुमी खावा. तुमी तर पुन्यवान."

महाराजांनी डबी मुठीत दाबली. "आज माझा उपवास आहे."

कुंपणाजवळून शाहजादीभाभी म्हणाली, "उपासाला सुरन चालतं की, महाराज."

पहिल्यांदा शिंप्याची बायको हसली, मग बायकांची सगळी रांग. एकादशीला घरोघरी सुरण खाणाऱ्या त्या बायका. मी डबी काढून घेतली आणि लोकांपुढं धरली. आकारामनं एक कण जिभेवर ठेवला आणि थेट नळावर पळाला.

चंदनबालानं मग सगळं सांगितलं. "तीन वर्सांमागं परसात नदीकाठची गाळमाती टाकली, तिच्यातनं गड्डा आला. पावसाळ्यात हितं पपईवानी एक रोप यायचं, दिवाळीनंतर मरायचं, आठवतंय का? त्ये त्येचं पान. गड्ड्याला जोर आला की उन्हाळ्यात फूल. किडं बोलावायला घाण वास सोडतंय, वास पसरावा म्हनून गरम हुतंय. काम झालं की एक-दोन दिवसात वास आपोआप जातोय. बाबानं बांदला न्हाई."

धरणेंद्र पांढराफटक पडला. "सुरन म्हंजे कंद?"

"व्हय दादा. सगळ्या घरानं खाल्ला. चिंचंत उकडलेला."

धरणेंद्रनं महाराजांची गचांडी धरली. त्याला आधी राग आला तो कंद खाऊ घातल्याचा. भावजयीला बाहेर काढायला निघालो होतो, हे त्याला मागाहून आठवलं. आकारामनं फोन केल्यावर पोलिसांची गाडी आली आणि महाराजांना घेऊन गेली.

मंडळी, मी जन्मभर थापा मारल्या, पण माझ्या थापेनं कुणाचं घर सुटलं नाही. चमत्कार दाखवणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: ह्याचं नाव काय, आणि दुसऱ्याला देता ते आधी तुम्ही खाता का? तो रागावला, तर ज्याच्यावर बोट दाखवलंय त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा. आम्ही एक दिवस उशिरा उभे राहिलो, आणि त्या दिवसाची लाज मला आहे.

धरणेंद्र कुदळ घेऊन पेरूकडं निघाला. "चुकलं माजं, चंदनबाला. ही ब्याद उपटून टाकतो."

तिनं कुदळ हातातून घेतली. भावाला म्हणाली, "गाडी वळव." मग दिराकडं वळली.

"कुनी उपटायचं न्हाई, दादा. त्येबी हितंच ऱ्हाईल आन मीबी."