बसणारा एक, विमा दोघींचा

मी मोटारसायकल बोलतेय, पण जरा दबक्या आवाजात. शेजारी नवी गाडी उभी आहे. ती झोपलीय की सोंग घेतेय, याचा मला भरवसा नाही.

संशयी म्हणा मला, चालेल. माझा जन्म थायलंडच्या एका कारखान्यात झाला आणि जहाजाने मी सिंगापूरला आले. माझा पहिला मालक घरोघरी जेवणाचे डबे पोचवायचा. मला विकताना त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "नेव्हर फॉल डाउन, बॉस!" अहो, एकदा त्याने मला भर चौकात आडवी पाडली होती! माझ्या डाव्या बाजूला अजून ओरखडा आहे. तेव्हापासून माणूस गोड बोलायला लागला की मी आधी ब्रेक तपासते.

ते गोड बोलणं ऐकून मला विकत घेतलं यशोधनने. हा मूळचा रत्नागिरीचा, जहाजांच्या इंजिनांचा इंजिनिअर. बंदरात काम, कधी समुद्रात नांगरलेल्या जहाजावर चार-चार दिवस मुक्काम. राहायला इथे मरीन परेडला. त्याने मला पुसलं, तेल पाजलं, लाड केले. रविवारी त्याची बायको मधुवंती मागे बसायची आणि आम्ही ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर साते, म्हणजे काडीला लावून भाजलेलं मांस, खायला जायचो. म्हणजे ते खायचे, मी वास घ्यायची. सुखाचे दिवस होते ते, खोटं कशाला बोलू?

मग ही सवत आली. मोठं इंजिन, मोठा आवाज, टाकी अशी चकचकीत की तिच्यात स्वतःचं तोंड बघावं. यशोधन म्हणाला, "जुनीलाही ठेवणार." तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आणि झालंही तसंच. इथे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीचा विमा काढावाच लागतो. आपल्या गाडीने कोणी जखमी झालं तर त्याच्या उपचारांसाठी. त्याला माझी ना नाही, माणसाची हाडं महाग असतात. पण मालक एक, बसणारा एक, आणि हप्ते मात्र दोन, पूर्णच्या पूर्ण! वर आणखी ऐका. इतकी वर्षं अपघात न करता गाडी चालवली म्हणून विम्यात जी सूट मिळते, ती एकाच गाडीला लागते. ती सूट कमावली कोणाच्या चाकांवर? माझ्या. लावली कोणाला? नवीला! ताटातला घास उचलून शेजारणीला वाढावा, तसं झालं.

यशोधनही चिडला होता. शनिवारी हॉकर सेंटरबाहेर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजाराबाहेर, मला लावून तो आणि त्याचा मित्र मनोहर कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत बसायचे. मनोहर एकटा राहतो आणि त्याच्याही दोन गाड्या. दोघांचा विषय एकच.

"अरे, मला काय दोन बुडं आहेत का?" यशोधन टेबलावर हात आपटायचा. "मी एका वेळी एकीवरच बसणार ना? मग माणसं जखमी व्हायची तर एकीमुळेच होतील ना?"

"माणसाचा विमा घ्या म्हणावं, गाड्यांचा कसला?" मनोहर म्हणायचा. "पण ऐकतो कोण!"

मला हे बोलणं मनापासून पटायचं, आणि म्हणूनच भीती वाटायची. दोन हप्ते अन्यायाचे असतील तर एक वाचवायचा सोपा मार्ग कोणता, हे मला कळत होतं.

एकदा कार पार्कमध्येच त्याने विम्याच्या ऑफिसला स्पीकरवर फोन लावला. मधुवंती दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन शेजारी उभी होती. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, हाऊ वी नो? वन बाइक यू राइड, द अदर वन युअर वाइफ राइड, कॅन ऑल्सो वॉट." म्हणजे, तसंही होऊ शकतं की.

यशोधन खदखदून हसला. "माय वाइफ? शी कान्ट इव्हन सायकल! आमच्या घरात दुसरं बसणार कोण आहे?" शेवटचं वाक्य त्याने मराठीतच म्हटलं, मधुवंतीकडे न बघता.

मधुवंती हसली नाही. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मी मनात म्हटलं, झालं, बाई किंमत करतेय माझी.

त्यानंतर तर तिची लक्षणं फारच वाईट दिसू लागली. यशोधन जहाजावर गेला की ही सकाळी एकटी खाली यायची. इकडेतिकडे बघून माझ्यावर बसायची. चावी हातात, पण लावायची नाही. नुसता क्लच दाबायची, सोडायची, पायाने गिअर चाचपायची, आरसे हलवायची, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. मग उतरून बसस्टॉपकडे पळायची. ती चांगीजवळच्या एका क्लिनिकमध्ये काम करते, दोन बस बदलून जाते. मला वाटलं, विकण्याआधी माल तपासतेय. शनिवारी दुपारी "योगाला जाते" म्हणून निघायची आणि घामाघूम होऊन, पोटरीला खरचटून परत यायची. असला कसला योग? मला त्यातही काळंबेरं दिसलं.

मग एक दिवस मोडीत गाड्या घेणारा माणूस आला. त्याने माझे फोटो काढले, टायरला लाथ मारली. यशोधनने माझ्या सीटवर हात ठेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही. "दसरा होऊ दे," तो म्हणाला. "पूजा करून देतो."

वा रे वा! बळीच्या बकऱ्यालाही असंच कुंकू लावतात.

दसऱ्याला लिटल इंडियातून झेंडूच्या माळा आल्या. नवीला घसघशीत हार, मला बेताचा. यशोधनने हळद-कुंकू वाहिलं. त्याचे डोळे पाणावले होते, पण अश्रूंवर मी विश्वास ठेवत नाही. मोडीवाला टेम्पो घेऊन उभाच होता. त्यांची मुलगी गार्गी मोबाइलवर फोटो काढत होती.

तेवढ्यात मधुवंती खाली आली. डोक्यावर हेल्मेट, पायात बूट. वाकून तिने माझ्या पुढच्या चाकाखाली एक लिंबू ठेवलं.

"अगं, लिंबू नव्या गाडीला ठेवतात," यशोधन म्हणाला. "ही तर चालली."

"मला नवीच आहे," मधुवंती म्हणाली. "लायसन्स मिळालंय मला."

यशोधनला काही समजेना. "कसलं लायसन्स?"

"बाबा, आई पास्ड ऑलरेडी लाह!" गार्गी ओरडली. "थर्ड ट्राय!"

"कधी? मला का नाही सांगितलंस?"

"तू हसला असतास." मधुवंती म्हणाली. "त्या फोनवर हसलास तसाच. आमच्या घरात दुसरं बसणार कोण आहे, म्हणालास. मी तिथेच उभी होते रे, यशोधन. हातभर अंतरावर. अन्याय अन्याय म्हणून तू साऱ्या बेटाला ऐकवलंस, पण माणसं मोजताना मला मोजलंच नाहीस."

 

"माझ्या लायसन्सवर छोटीच गाडी चालते," ती पुढे म्हणाली. "ही गेली तर मी काय चालवू? विम्यात माझं नाव नाही म्हणून इतके दिवस हिची चावीसुद्धा फिरवली नाही मी."

"अंकल, सेल ऑर नॉट सेल?" मोडीवाल्याने वैतागून विचारलं.

"नॉट सेल," यशोधन म्हणाला.  मग मधुवंतीला म्हणाला, "चुकलं माझं." एवढंच. पण ते त्याने तिच्याकडे बघून म्हटलं.

विम्यात तिचं नाव लागलं. नवशिकी म्हणून हप्ता उलट वाढला, तरी यशोधनने चकार शब्द काढला नाही. मनोहरवरचा अन्याय मात्र तसाच आहे, बरं का. त्याच्या घरात खरंच दुसरं कोणी नाही, आणि तो बिचारा अजून दोन्ही हप्ते भरतो. विमावाल्यांचं त्याच्यावर विश्वास ठेवायला काय जातं? पण हे मी कोणत्या तोंडाने विचारू! मी तरी कोणावर ठेवला?

आता रोज सकाळी मी आणि मधुवंती चांगीला जातो. सिग्नलला ती घाबरते, इंजिन बंद पाडते, मग मलाच "सॉरी गं" म्हणते. या वयात मला कोणी सॉरी म्हणेल असं वाटलं नव्हतं.

तरी स्वभावाला औषध नाही. परवा ती गार्गीला विचारत होती, मोठ्या गाडीच्या लायसन्सची परीक्षा कधी देता येते. विचारताना नवीकडे बघत होती, मी आरशातून पाहिलं. बसू दे. तिचा हक्क आहे. मी इथे खांबाजवळ उभी राहीन आणि थोडी जळेन. पण तेव्हा जर कोणी पुन्हा म्हणालं, की हिला कुठे गाडी येते, तर मला हाक मारा. साक्ष द्यायला मला ढकलत आणलं तरी येईन.