मौनाचा तास

उस्तादांचं सलून उघडायला रोज उशीर व्हायचा, आणि त्याला जबाबदार होता सकाळचा चहा. खरं सांगायचं तर चहा बिचारा निमित्तमात्र. जबाबदार होत्या उस्तादीणबाई.

बाईंचं बोलणं म्हणजे नळाला चावी नाही असा प्रकार. कप हातात आला की सुरू. रात्री पडलेलं स्वप्न, शेजारणीची सून, जिन्यातला बंद पडलेला दिवा, लेकीचा फोन, सगळं एका दमात. उस्ताद बशीत चहा ओतून फुंकर मारायचे आणि मधूनमधून म्हणायचे, "मग?" बस्स, एवढंच. पण त्या एका शब्दावर बाईंचा संसार चालला होता. लेकीचं लग्न, घराचा रंग, बहिणीशी तुटलेलं आणि पुन्हा जोडलेलं बोलणं, सगळे निर्णय ह्याच टेबलावर झालेले. बाईंना मनातल्या मनात विचार करताच यायचा नाही हो! तोंड चाललं तरच डोकं चालायचं. बोलत बोलत त्या स्वतःच मुक्कामाला पोचायच्या आणि म्हणायच्या, "बरं झालं तुम्ही सांगितलंत." उस्तादांनी काही सांगितलेलं नसायचं.

इकडे सलूनच्या पायरीवर गिऱ्हाइकं ताटकळत बसायची. त्यातले निवृत्त पोस्टमन तर जिभेला हाड नसलेले. "उस्ताद, तुम्ही येईपर्यंत दाढी अजून बोटभर वाढली!" असं रोज ऐकवायचे. उस्ताद हसून शटर वर करायचे, पण मनाला लागायचं.

अशात जावईबापू अवतरले. त्यांच्या ऑफिसात कुणी तज्ज्ञ येऊन सकाळ कशी घालवावी ह्यावर भाषण देऊन गेला होता, आणि तेव्हापासून जावईबापूंना दिसेल त्याची सकाळ सुधारायची हुक्की आली होती. त्यांनी सासऱ्यांची सकाळ हातात घेतली. उजाडायच्या आत उठायचं. गार पाण्याने तोंड धुवायचं. लांब फेरफटका मारायचा. परत आल्यावर चहा घेत स्वस्थ बसून दिवसाचा विचार करायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कामावर पोचेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. बोलण्यात म्हणे दिवसभराची ताकद खर्ची पडते.

"नव्याचे नऊ दिवस," बाई फोनवर लेकीला म्हणाल्या. "तुझे बाबा आणि पहाटे उठणार? सूर्य सुट्टी घेईल त्या दिवशी."

पण कसचं काय! उस्ताद उठले. दुसऱ्या दिवशी उठले, तिसऱ्या दिवशीही उठले. फिरून आल्यावर गप्प बसून चहा प्याले, कंगवे पुसले आणि वेळेवर सलून उघडलं. पायरीवर कुणी नाही हे बघून स्वतःच पायरीवर बसले आणि पोस्टमनकाकांना म्हणाले, "या, आज तुम्हाला उशीर झाला!" केवढा तो आनंद! पंधरवडा उलटला तरी गडी हटेना. चेहऱ्यावर तेज काय, चालीत झोक काय. तक्रार करायला जागाच नव्हती आणि बाईंची नेमकी तिथेच पंचाईत झाली. चांगल्या चाललेल्या गोष्टीबद्दल कुरकुरणार कशी? कप समोर घेऊन त्यांनी तोंड उघडलं की उस्ताद ओठांवर बोट ठेवून गोड हसायचे. त्या हसण्याचा बाईंना असा संताप यायचा की बशी फोडावी.

त्यात नेमकी बोलायची गरज आत्ताच उभी राहिली. बाई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होत्या. दुपारची पाळी, काम चादरींचं. ओल्या चादरी इस्त्रीयंत्राच्या गरम रुळांतून काढायच्या आणि कडक घड्या घालायच्या. यंत्रांचा आवाज एवढा की तिथे शेजारणीला हाक मारायची तर हात हलवावा लागे. सकाळच्या पाळीच्या मोठ्या बाई आता निवृत्त होत होत्या. त्यांनी उस्तादीणबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "माझी जागा तू घे. सगळी पाळी तुझ्या हाताखाली. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते सांग. नाहीतर बाहेरून माणूस आणतील."

आता ह्याचा विचार करायचा कसा? तोंडाला तर कुलूप.

रात्री बोलून बघितलं. पण पहाटे उठणारा माणूस रात्री काय ऐकणार? जेवताना दुसऱ्या घासालाच उस्तादांची मान डुलायला लागायची. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, त्यात विचार कसला? घेऊन टाक." बहीण म्हणाली, "ह्या वयात कशाला नसती उठाठेव?" शेजारीण तर वाक्य पुरं व्हायच्या आत सल्ला देऊन मोकळी. उंटावरून शेळ्या हाकायला सगळे तयार! बाईंना सल्ला नकोच होता मुळी. त्यांना कुणीतरी समोर बसून "मग?" म्हणायला हवं होतं. शेवटी त्या भिंतीशीसुद्धा बोलून बघत होत्या. पण भिंत "मग?" म्हणत नाही.

शुक्रवार उजाडला. उस्तादांनी ओठांवर बोट ठेवलं, गोड हसले आणि वेळेवर गेले. बाईंनी टेबल पुसलं, कप विसळले आणि एकदम त्यांचं डोकं फिरलं. पर्स उचलून त्या थेट सलूनवर गेल्या.

बाकावर पोस्टमनकाका बसलेले. खुर्चीत कुणाची तरी दाढी चाललेली. बाईंना दारात बघून उस्तादांचा वस्तरा हवेतच थांबला.

"काय गं? घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. तुमचं चालू द्या. मी नंबर लावलाय."

"अगं, पण हे पुरुषांचं..."

"केस मलाही आहेत," बाई म्हणाल्या आणि बाकावर टेकल्या.

पोस्टमनकाका आपला नंबर द्यायला उठले. पण बाई कसल्या ऐकतात! त्यांनी काकांची दाढी पुरी होऊ दिली. काका नंतर घरी जायचे सोडून पुन्हा बाकावरच बसले. असला तमाशा फुकट सोडतो कोण!

बाई खुर्चीत बसल्या. उस्तादांनी गळ्याभोवती कापड बांधलं, अंबाडा सोडला, पाण्याचा फवारा मारला आणि कात्री उचलता उचलता सवयीने प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतात तेच म्हणाले, "हं, बोला."

झालं! धरणाचं दारच उघडलं.

बाईंनी मोठ्या बाईंपासून सुरुवात केली. जागा कशी, मान कसा, हाताखाली कोण कोण, त्यातली कोण कामचुकार. "मग?" उस्ताद म्हणाले आणि कात्री चालली. ती कामचुकार बाई आपलं ऐकेल का, ही भीती. "मग?" तशी ऐकेलही, कारण तिला ओरडणारी नकोय, समजावणारी हवीय. "मग?" काम येतंय मला. मोठ्या बाईंपेक्षा बरं येतंय, उगाच कशाला खोटं बोलू. "मग?"

"मग अडलंय कुठे सांगू?" बाई आरशातल्या उस्तादांकडे बघत म्हणाल्या. "पाळी पहाटेची आहे. उजाडायच्या आत घर सोडायचं. म्हणजे आपला चहा गेला. एवढ्यासाठी मी नाही म्हणणार होते! दिवसभर त्या यंत्रांपुढे तोंड मिटून असते मी. सकाळचा तेवढा तास माझा होता. तो कसा सोडू म्हणून आठवडाभर जीव खालीवर होतोय. आणि तुम्ही? तुम्ही तो जावईबापूंच्या एका शब्दावर सोडून दिलात. मला विचारलंसुद्धा नाही."

कात्री थांबली. पोस्टमनकाकांनासुद्धा कुठे बघावं कळेना.

"मला वाटायचं, तू सवयीने बोलतेस," उस्ताद हळू आवाजात म्हणाले. "मी असलो काय, नसलो काय, सारखंच."

"भिंतीशी बोलून बघितलं मी. नाही जमलं."

गोंधळले की उस्तादांचा हात कामाला लागायचा. कात्री पुन्हा चालू झाली आणि चांगलीच चालली.

"मी हो म्हणणार आहे," बाई म्हणाल्या. "ठरलं माझं. बरं झालं तुम्ही सांगितलंत."

आणि मग त्यांनी आरशात नीट पाहिलं. अहो, उस्तादांना येत होता एकच कट! आयुष्यभर तोच कापत आले होते. दोन्ही कान लख्ख उघडे, मानेवर गार वारा. पोस्टमनकाका म्हणाले, "वहिनी, अगदी माझ्या धाकट्या भावासारख्या दिसताय." उस्तादांचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी डोकं इकडून वळवलं, तिकडून वळवलं आणि अशा हसत सुटल्या की खुर्ची गदागदा हलली. तशाच त्या धुलाईघरात गेल्या. मोठ्या बाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "विचारायलाच नको. तू ठरवून आलेली दिसतेस."

सोमवारी पहाटे बाई डबा घेऊन निघाल्या तर उस्ताद दारात चपला घालून उभे.

"फिरायला तर मी रोजच जातो," ते म्हणाले. "आज तुझ्या बाजूने जातो."

रस्त्यावर कुणी नव्हतं. पहिला कोपरा येईपर्यंत बाई गप्प होत्या, नव्या जागेच्या धास्तीने. मग उस्ताद म्हणाले, "मग?" आणि नळ सुटला तो धुलाईघराचं फाटक येईपर्यंत चालू राहिला. फाटकाशी बाईंनी पदर सारखा केला, उघड्या मानेवरून हात फिरवला आणि आत वळल्या.

"अगं!" मागून हाक आली. उस्ताद तिथेच उभे होते, अगदी वाट चुकल्यासारखे. "परतीच्या वाटेवर मी काय करू? मला एकट्याला करमायचं नाही."

एवढ्या वर्षांत हे असं काही ते पहिल्यांदाच बोलले होते. बाई दोन पावलं मागे आल्या. पण आत पाळी खोळंबली होती.

"काय करायचं म्हणजे?" त्या म्हणाल्या. "तेव्हा पाळा तुमचं मौन!"